मलेरिया नसलेल्या शहरात मच्छरदाण्यांचा सौदा

सिंगापूरला जाऊन आलो म्हटल्यावर सोलापुरात जो तो एकच विचारतो, "काय काय बघितलं?" मी सांगतो, डासाची अळी बघितली. लोक हसतात. त्यांना पाण्यावरचे दिवे, आभाळाला टेकलेल्या इमारती, चकचकीत रस्ते ऐकायचे असतात. तेही बघितलं, नाही म्हणत नाही. पण परत येऊन इतके दिवस झाले तरी माझं डोकं शांत झालेलं नाही, आणि त्याला कारण दिवे नाहीत. कारण ती अळी आहे.

मी मच्छरदाण्या करतो. सुरुवात बार्शी, मोहोळ, अक्कलकोट अशा आठवडी बाजारांतून झाली. घडीच्या स्टुलावर उभं राहायचं, काठीला जाळी टांगायची आणि घसा फुटेस्तोवर ओरडायचं. आज एमआयडीसीत माझा कारखाना आहे. धाग्यातच औषध मुरवलेली जाळी आम्ही विणतो आणि ती आफ्रिकेत जाते. पैसे देणारे वेगळे, वापरणारे वेगळे. देणारे म्हणजे परोपकारी संस्था. त्यांच्यातल्याच एका संस्थेची बैठक एप्रिलमध्ये सिंगापूरला होती. मलावी देशातल्या एका तळ्याकाठच्या जिल्ह्याला आम्ही पूर्वी मच्छरदाण्या दिल्या होत्या. औषधी जाळीचे फार तर तीन पावसाळे निघतात. ते निघाले होते. आता नव्या द्यायच्या की हात आखडता घ्यायचा, हे या बैठकीत ठरणार होतं.

आणि एक जुनं दुखणं होतं. आदल्या वर्षी बँकॉकला याच संस्थेच्या अध्यक्षांसमोर मी उठून म्हणालो होतो, "साहेब, जाळ्या फाटायच्या आधी पुढच्यांची तरतूद करा." त्यावर ते हसून म्हणाले, "विक्रेत्याने किमतीबद्दल बोलावं, धोरणाबद्दल नाही." सगळं टेबल हसलं. ते हसू मी वर्षभर खिशात घेऊन हिंडत होतो.

क्लेमेंटी

उतरलो भाचीकडे. सुजाता माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिचा नवरा मिलिंद तिथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका संशोधन संस्थेत आहे. क्लेमेंटीला अकराव्या मजल्यावर त्यांचा भाड्याचा फ्लॅट. दारासमोरून लांबलचक सामायिक व्हरांडा जातो आणि तिथेच सुजाताने कढीपत्ता, मोगरा, ओवा लावलाय. मी कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीचा डबा तिच्या हातात दिला, तर डबा उघडून तिने आधी डोळे मिटून वास घेतला, मग मला नमस्कार केला.

"मामा, आधी चटणी, मग तुम्ही. राग मानू नका."

तिची मुलगी अन्वी दुसरीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र शेपटाला 'ला' जोडलेल्या तिथल्या इंग्रजीत येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात आलो तर कुंड्यांखालच्या मातीच्या थाळ्या पालथ्या पडलेल्या. मला वाटलं, नोकरीच्या धबडग्यात पोरीचं लक्ष नाही. एप्रिल महिना. आमच्याकडे या दिवसांत चिमण्यांना पाणी ठेवल्याशिवाय बायको मला चहा देत नाही. एक थाळी सुलटी केली, कठड्याच्या कोपऱ्यात ओव्याच्या कुंडीमागे ठेवली आणि तांब्याभर पाणी ओतलं.

अन्वी दप्तर घेऊन निघाली होती. थाळी बघून तिचे डोळे विस्फारले. "आजोबा, कॅनॉट ला!"

"का गं? पक्ष्यांनी पाणी कुठे प्यायचं?"

"कॅनॉट मीन्स कॅनॉट ला!"

इवलीशी पोर आणि केवढा तोरा! मी दुर्लक्ष केलं. थोड्याच वेळात एक साळुंकी आली, पाणी प्यायली, उडून गेली. मला पुण्य लागल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मिलिंदला विचारलं, "जावईबापू, इथे मलेरिया आहे का हो?"

"नाही मामा. कधीच गेला. आता भीती डेंग्यूची. पण मलेरियाच्या डासावरही लक्ष ठेवतात अजून."

"गेला म्हणता, मग लक्ष कशाला?"

मिलिंद चपातीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "विमानं रोज उतरतात ना मामा." मी तेवढ्यावर विषय सोडला. तिथे सोडायला नको होता.

पुलाउ उबीन

शनिवारी डॉक्टर एस्थर आल्या. मलावीतल्या त्या जिल्ह्याचं मलेरियाचं काम यांच्याकडे. पहिला माल पोचला तेव्हा मी स्वतः मलावीला गेलो होतो, तेव्हापासूनची ओळख. उंच, भरदार बाई, हसल्या की दोन टेबलं पलीकडचे लोक वळून बघतात. मला त्या 'मिस्टर नेट' म्हणतात. माझं नाव त्यांना येत नाही असं नाही. त्यांना मला चिडवायचं असतं.

बैठक सोमवारी होती. रविवारी सुजाताने आम्हाला सगळ्यांना पुलाउ उबीन बेटावर नेलं. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोट सुटते, पण बारा माणसं जमल्याशिवाय नावाडी हलत नाही. अजून सहा जण कमी पडत होते. मी त्याला खुणेनं म्हटलं, बाबा, दोघांचं जास्त देतो, चल. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हटलं, बरं, तिघांचं. तो बिस्किट खात राहिला.

"मिस्टर नेट," एस्थर म्हणाल्या, "या देशात तुमचा धंदा चालणार नाही."

या देशात घासाघीस मेली आहे, हे खरंच आहे. आमच्याकडे भाव न करता वस्तू घेतली तर दुकानदारालाही चुकल्यासारखं वाटतं. इथे किंमत सांगतात आणि तोंड मिटतात. बेटावरच्या सायकलवाल्या म्हाताऱ्याने मात्र माझी लाज राखली. मी सायकलच्या ब्रेकला नाव ठेवलं, त्याने माझ्या पोटाला नाव ठेवलं, आणि शेवटी अन्वीची छोटी सायकल त्याने भाडं न घेता दिली. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

पत्र्याच्या छपराची, लाकडी खांबांवर उभी जुनी घरं, अंगणात फणस आणि डुरियन, कोंबड्या मोकळ्या. एका घराच्या उघड्या खिडकीतून आत टांगलेली पांढरी मच्छरदाणी दिसली. मी सायकल टाकून जवळ गेलो. सुती, जुन्या पद्धतीची, चारी कोपऱ्यांना ठिगळं. कुणीतरी मायेनं जपलेली. एस्थरही येऊन उभ्या राहिल्या.

झाडाखाली बसून आम्ही कडक भाकरी आणि चटणी खाल्ली. एस्थर त्यांच्याकडच्या न्सिमाचं सांगत होत्या. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा हाताने मोडून भाजीला लावून खायचा. मी म्हटलं, म्हणजे आमची उकडच, फक्त हट्टी. त्या हसल्या आणि मग एकदम हसायच्या थांबल्या.

"तुम्ही आला होता तेव्हा आमचा मुलांचा वॉर्ड बघितला होता?"

बघितला होता. एका खाटेवर तीन तीन पोरं, आणि खाटांखाली त्यांच्या आया.

"आता एका खाटेवर एक मूल असतं. काही खाटा रिकाम्या. शेवटची खोली आम्ही बाळंतिणींना दिली." त्यांनी भाकरीचा तुकडा बोटात फिरवला. "पण तुमच्या जाळ्या आता फाटल्या. चटईखाली खोचतात तिथे विरल्या, चुलीच्या ठिणगीने भोकं पडली. गेल्या पावसाच्या शेवटी शेवटी पुन्हा एका खाटेवर दोन दिसू लागली. सोमवारी हो म्हणाले तर माल पुढच्या पावसाआधी, आमच्याकडच्या नोव्हेंबरआधी, पोचेल. पुढच्या बैठकीपर्यंत थांबायला लावलं तर पाऊस आधी येईल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर त्या बाळंतिणींना मला सांगावं लागेल, खोली रिकामी करा."

सोमवार, सकाळ

बैठक दुपारी होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात चहा पीत बसलो होतो. लिफ्टमधून एक मलय बाई आली. पन्नाशीची, डोक्याला स्कार्फ, अंगावर बनियनसारखं सरकारी जाकीट, हातात बॅटरी. एकेक कुंडी वाकून बघत, पालथी थाळी उचलून परत पालथी घालत ती ओव्यापाशी आली. बॅटरी लावली. खाली बसली. काचेच्या नळीने माझ्या थाळीतलं पाणी ओढून पांढऱ्या झाकणात सोडलं आणि झाकण माझ्यासमोर धरलं.

"अंकल, सी."

बारीक, काळपट, वळवळणाऱ्या अळ्या. इतकी वर्षं डासांच्या नावावर पोट भरणाऱ्या माणसाने चहाचा कप हातात धरून आपण स्वतः पाळलेले डास बघितले. थाळीला चिकटून सुकलेली अंडी पाणी पडताच जिवंत होतात, हे मला नंतर मिलिंदने सांगितलं. म्हणून तर घरोघरी थाळ्या पालथ्या.

आवाज ऐकून सुजाता बाहेर आली. दंडाची नोटीस तिच्या नावाने येणार होती. माझं डोकं सणकलं. स्वतःवर चिडायचं सोडून मी त्या बाईवर चिडलो.

"मी पाहुणा आहे. भाची निर्दोष आहे. माझ्या नावावर लिहा."

"फ्लॅट तिचा, अंकल."

"पहिलीच वेळ आहे. समज देऊन सोडा."

"कॅनॉट."

"अर्धा दंड करा. आत्ता देतो."

बाईने नळी बाटलीत रिकामी केली, बूच लावलं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. "अंकल, धिस वन नॉट मार्केट."

"मामा, पुरे," सुजाता हळूच म्हणाली. "मी भरते. तुम्ही आत चला."

मी आत जाणारा नव्हतो. म्हटलं, "या इमारतीत याआधी कधी सापडलं होतं?"

"लाँग टाइम ऑलरेडी."

"मग इतके दिवस काही सापडत नसताना येता कशाला?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. तिने सुजाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि 'म्हाताऱ्याला उन्हाचा त्रास झालेला दिसतो' अशा चेहऱ्याने थाळी पालथी करून शेजारच्या दाराशी गेली. तिथे काही सापडलं नाही. तरी तिने प्रत्येक कुंडी बघितली.

रॅफल्स प्लेस

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसलो तरी माझा राग उतरला नव्हता. रॅफल्स प्लेसला वर आलो तर चहूबाजूंनी बँका, आणि माणसं चालत नाहीत, पळतात. बैठक एका उंच इमारतीत. मधोमध लांब टेबल, त्याभोवती संस्थेची माणसं आणि एस्थर. आम्हा माल देणाऱ्यांना भिंतीकडेच्या खुर्च्या. माझ्या शेजारी थायलंडचा एक कारखानदार. पांढराशुभ्र शर्ट, तोंडावर कायमचं हसू. याच्या जाळ्या मला ठाऊक होत्या. वीण बरी, काठ मात्र कच्चा.

अध्यक्ष तेच. सिंगापूरचेच निवृत्त बँकवाले, गोड बोलणारे. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि एस्थरचं तोंड भरून कौतुक केलं. मी मनात म्हटलं, झालं. गिऱ्हाईक मालाची फार स्तुती करायला लागलं की समजावं, हे घेणार नाही.

"डॉक्टर, तुमच्या जिल्ह्याने इतकी प्रगती केली आहे," अध्यक्ष म्हणाले, "की आता तुम्ही आमच्या सर्वांत गरजू यादीत बसत नाही. हे यश आहे. अभिनंदन."

यश! बाई पदर पसरून बसली आहे आणि हे तिच्या पदरात हार टाकतायत.

एस्थर उठल्या. फाटलेल्या जाळ्या, गेल्या पावसात परत भरू लागलेला वॉर्ड, सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. टेबलावरच्या एका तरुणाने विचारलं, "पण लोक त्या जाळ्यांनी मासे पकडतात असं ऐकलं."

"जुन्या झाल्यावर काही जण पकडतात," एस्थर म्हणाल्या. "तुम्ही जुन्या बनियनने गाडी पुसता, म्हणून तुम्हाला नवा बनियन नको का?"

हशा झाला. पण अध्यक्षांनी हळूच घड्याळ बघितलं. "या वर्षी थांबूया. आकडे पुन्हा वाढलेच, तर नक्की विचार करू."

आकडे वाढलेच तर. म्हणजे आधी पोरं आजारी पडायची, मग यांनी विचार करायचा. मी उभा राहिलो.

"साहेब, तुमच्या घरी डासांच्या तपासणीला माणूस येतो?"

ते दचकले. "येतो. सगळ्यांकडेच येतो."

"तुमच्या देशात मलेरिया आहे?"

"नाही."

"मग उद्या त्याला दारातून परत पाठवा. सांगा, आमचं यश झालंय, अभिनंदन, आता आकडे वाढले की ये."

 तो तरुण म्हणाला, "ती तपासणी डेंग्यूची असते."

"मलेरियाच्या डासावरही इथे अजून पहारा आहे," एस्थर म्हणाल्या. "रोग गेल्यावर तुम्ही पहारा उठवला नाही. म्हणून तर तो गेलेला राहिला."

"आज सकाळी माझ्या भाचीच्या दारात बशीभर पाण्यासाठी दंड झालाय," मी म्हटलं. "मी अर्धा करा म्हटलं, केला नाही. तुमची तपासणीची बाई बरोबर, मी चूक. जिथे एकही रोगी नाही तिथे तुम्ही बशी सोडत नाही, आणि जिथे पोरं आत्ता कुठे उठून बसायला लागलीत तिथे जाळी काढून घेता? हा कुठला न्याय?"

अध्यक्षांच्या तोंडावर बँकॉकचं तेच हसू आलं. "मी गेल्या वर्षीही म्हणालो होतो. तुम्ही माल विकता. तुम्ही असं बोलणारच."

वर्षभर खिशात असलेलं ते हसू बाहेर पडलं. "मग माझा माल नको! काढा माझं नाव. या साहेबांकडून घ्या, कुणाकडूनही घ्या. आता मी विक्रेता नाही. आता उत्तर द्या."

मी नमुन्यांची पिशवी उचलली आणि दाराकडे निघालो. इथे खरं सांगतो. त्यात राग होता, तशी सवयही होती. बाजारात वाढलेला माणूस मी. सौदा अडला की पाठ फिरवून चालू लागायचं, मागून हाक येतेच. "अहो, या इकडे, असं काय करता!" आयुष्यात माझी पाठ कधी फुकट गेली नाही. मी सावकाश चाललो. दाराची मूठही सावकाश फिरवली.

हाक आली नाही.

बाहेर काचेच्या भिंतीपाशी उभा राहिलो. खाली नदी, तिच्यावर होड्या, आणि माझ्या कारखान्यातल्या शिलाईच्या बायका डोळ्यांसमोर. हंगामभराचं काम मी एका वाक्यात टाकून आलो होतो. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि एस्थर आल्या.

"दिलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "पावसाआधी."

"आणि माल?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आधीच मला कळलं. "तुमचं नाव काढल्याची नोंद केली. काम थायलंडला."

"कुणी अडवलं नाही?"

"अध्यक्ष म्हणाले, तुम्ही स्वतःच सांगितलंत." त्यांचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं. "मिस्टर नेट, रागावलात की खूश आहात?"

"दोन्ही. पण रागावलेला जास्त."

हॉकर सेंटर, आणि घर

संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, बसलो. एस्थरनी अख्खा मासा मागवला, मी भात आणि भेंडी. आजूबाजूला ऑफिस सुटलेली माणसं आणि वाफाळणारे नूडल्स. मी पिशवीतली माझी जाळी काढून टेबलावर पसरली.

"माल आला की आधी गाठोडी मोजत बसू नका. मधलीच एक काढा. हा खालचा काठ असा दोन मुठींत धरा आणि झटका द्या. शिवण उसवली तर सगळं परत पाठवा. तो थायलंडवाला हसेल. हसू द्या."

"तुम्ही त्यांचा माल तपासायला शिकवताय?"

"पोरं त्याच्या जाळीत निजणार आहेत," मी म्हटलं, आणि भेंडीचा भाव विचारून पुन्हा चिडलो.

मग त्यांनी सांगितलं की होकार या एका खेपेपुरताच आहे. पुढचं पुढे बघू, असं ठरलंय. तीन पावसाळ्यांनी परत तेच टेबल, परत तेच अभिनंदन. मी ताट बाजूला सारलं. जो पहारा त्यांच्या घरी कधीच संपत नाही, तो दुसऱ्याच्या घरी दर वेळी हात पसरल्यावरच का द्यायचा, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

सोलापूरला आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाठ फिरवायची जागा तरी बघायची." शिलाईच्या बायकांना काम देण्यासाठी मी परत आठवडी बाजारांच्या ऑर्डरी गोळा करतोय. सुजाताने दंड भरला. मला देऊ दिला नाही, आणि अन्वीने फोनवर एवढंच म्हटलं, "आय टोल्ड यू ला, आजोबा."

काल एस्थरचा फोन आला. जाळ्या पोचल्या. त्यांनी काठाला झटका देऊन बघितला. काही गाठोडी उसवली, ती परत पाठवली, आणि तो हसणारा माणूस फोनवर हसला नाही. बाळंतिणी त्यांच्या खोलीतच आहेत. त्यांच्याकडे ढग जमायला लागलेत.

"पुढच्या बैठकीला याल ना, मिस्टर नेट?"

मी म्हटलं, "भिंतीकडेच्या खुर्चीवर बसणार नाही. त्यांना सांगून ठेवा, मधल्या टेबलाशी जागा करा. नाहीतर माझं बाजारातलं घडीचं स्टूल अजून आहे. ते घेऊन येतो."